भात्याविना पेटी

दवाखान्यात नंबरची वाट पाहत शिंपीणबाई चुळबुळत बसली होती. शेजारी बापलेकीचं चाललं होतं.

"बाबा, ही मेलोडिका. पट्ट्या पेटीसारख्याच."

"आणि भाता?"

"भाता नाही. या नळीतून फुंकायचं. डावा हात लागतच नाही."

"पोरांचं खेळणं आहे हे!"

"मग पेटी देऊन टाकू कुणाला?"

"पेटीला हात लावायचा नाही!"

"अर्धांगाचा झटका आल्यापासून तुम्ही तरी कुठे लावता?"

शिंपीणबाईने उगाच पदर सारखा केला.

म्हाताऱ्याने उजवा हात पुढे केला. "आण इकडे. नीट धर."

सूर निघाला, थरथरला, तुटला.

"दम पुरत नाही गं."

"पुन्हा फुंका."

तेवढ्यात नर्सने दार उघडलं. "आजोबा, चला, तुमचा नंबर."

"या बाईंना पाठवा आधी. माझा 'सा' लागायचाय अजून."