सगळं आहे, फक्त कपडे घेऊन या!

...नाही, म्हणजे न्हाणीघराच्या दाराला आतून मूठ असावी ही काय चैन आहे का? तुम्हीच सांगा! अहो वरचे, झरोक्याशी आलात ना? ऐका नुसतं, डोकावू नका! आंघोळ झालीय माझी, आणि अंगावर जे आहे त्याला घरमालक टॉवेल म्हणतो, मी हातरुमाल म्हणतो. आणि हळू बोला, बायको स्वयंपाकघरात आहे. मूठ फिरवली, तर मूठ आली माझ्या हातात आणि दार आहे तिथेच! तेव्हापासून मी आत.

तुम्हाला सांगतो, आमच्या घरच्या फरशा उखडल्यात. गवंडी म्हणाला, महिनाभर कुठेतरी जाऊन राहा. म्हणून हे सजवलेलं, तयार घर भाड्याने घेतलं. आणि मालक फोनवर काय गोड बोलला म्हणता! "काका, कसली काळजी करता? सगळं आहे हो घरात, फक्त कपडे घेऊन या!"

आता आमच्या हिची एक पिशवी असते. अडीनडीची. कुठेही जायचं ठरलं की आधी ती भरली जाते, मग आम्ही. गाळणं, सांडशी, सुरी, चिमटे, दोरी, पेचकस... जणू आम्ही जंगलातच निघालोय! या वेळी मी ठणकावून सांगितलं, "ही पिशवी येणार नाही! मालक काय म्हणाला? फक्त कपडे!" आणि ती काय म्हणाली असेल? "बरं." बरं! अहो, इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला! लगेच मेहुण्याला फोन लावला, "तुझी बहीण मला 'बरं' म्हणाली!" तर तो घाबरून, "भाऊजी, तब्येत ठीक आहे ना तिची?"

आलो इथे. बघतो तर काय, सोफ्यावर आठ उशा, झोपायच्या पलंगावर एक! कोपऱ्यात पितळी हरीण. भिंतीवर 'हसत राहा' अशी पाटी. उंच दांड्याचे नाजूक ग्लास डझनभर! आणि चहाचं गाळणं? नाही. सांडशी? नाही. सुरी आहे, पण लोणी फासायची, ती टेकवली की कांदा ओट्यावरून पळत सुटतो! गॅलरीत जाऊन हळूच मालकाला फोन केला, तर, "काका, नीट बघा ना, असेल कुठेतरी! सगळं आहे हो..."

बरं, तक्रार करू कुणाकडे? एकदा का माझ्या तोंडून निघालं "गाळणं नाही", की संपलं! जन्मात मिळालेला एकुलता एक विजय गेला! म्हणून मी चहा रुमालातून गाळतोय आणि वर म्हणतोय, "असा चहा काय छान उतरतो गं!" गरम पातेलं शर्टाच्या बाहीने उतरवतोय, बोटं भाजतायत आणि मी हसतोय, भिंतीवर लिहिलंयच! चिमट्यांवाचून माझा खरा टॉवेल गॅलरीतून उडाला, तर म्हणालो, "वारा किती मोकळा आहे इथे!" आणि ती? ती नुसती बघते हो. रोज एवढंच विचारते, "तुम्हाला काही लागतंय का?" आणि मी, "छे! सगळं तर आहे!"

कळलं ना आता, मी ओरडत का नाही ते? तुमच्याकडे पेचकस असेल तर द्या की झरोक्यातून दोरीने सोडून! ...काय? नाही? ...दोरीही नाही? ...अच्छा, मालक तोच! तुम्हालाही म्हणाला, फक्त कपडे? अरेरे...

शू! पावलं वाजली.

"अहो, फार वेळ झाला. काही लागतंय का?"

"छे गं! सगळं आहे!"

"मग ही बाहेरची मूठ अशी का लोंबतेय?"

आणि अहो वरचे, दाराखालच्या फटीतून काहीतरी सरकत आत आलं... पेचकस! लाल दांड्याचा! हा... हा तर आमचा! पिशवीतला! म्हणजे पिशवी इथेच आहे, पहिल्या दिवसापासून! गाळणं, सांडशी, चिमटे, सगळं! मी रुमाल पिळत होतो आणि ही बाई शांतपणे बघत होती!

"अगं, तू पिशवी आणलीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, फक्त कपडे? कपड्यांतच गुंडाळून आणली."

घ्या! बोला आता! मूठ बसली हो, दारही उघडतंय, पण बाहेर कुठल्या तोंडाने जाऊ? इथेच राहावं म्हणतो. पाणी आहे, उजेड आहे, तुम्ही आहात बोलायला... पण गारठलोय हो, दात वाजतायत! शेवटी दार बोटभर उघडलं, त्या फटीला तोंड लावलं आणि अगदी मालकाच्या गोड आवाजात म्हणालो,

"अगं ए... सगळं आहे इथे. फक्त कपडे घेऊन ये!"

आणि तिकडून काय आलं असेल?

"बरं."