बाई थांबायच्या तेवढा वेळ

आधी आकडा सांगतो, मग बाकीचं. व्हिडिओ एकोणतीस, त्यांतून कापलेली शांतता सत्तेचाळीस मिनिटं आठ सेकंद, कापणारा मी, आणि कापताना संगणक कक्षात दुसरं कोणी हजर नव्हतं. हे सगळं डायरीत आहे, माझ्याच अक्षरात, आकड्याखाली दोन रेघा मारलेल्या, कारण तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

माझा जन्म परळचा. वडील गिरणीत हजेरी लिहायला होते, त्यामुळे आमच्या घरी दुधाच्या रतिबापासून पाहुण्यांच्या मुक्कामापर्यंत सगळ्याची नोंद व्हायची, ती सवय मला लागली ती लागलीच. गणित घेऊन शिकलो, बीएड केलं आणि लालबागच्या ह्या शाळेत लागलो, त्याला आता चोवीस वर्षं झाली. मराठी माध्यमाची शाळा. मी लागलो तेव्हा पाचवीच्या चार तुकड्या होत्या, आता एक आहे, तीत सव्वीस मुलं. काय सांगू तुम्हाला, पटावर एक मूल वाढलं तरी आम्ही स्टाफरूममध्ये एकमेकांना सांगतो.

पाचवीचं गणित परबबाईंकडे असायचं. मी आलो तेव्हाही त्यांच्याकडेच. त्यांची पद्धत एकच, प्रश्न विचारायचा आणि फळ्याला पाठ टेकून, हात मागे घेऊन उभं राहायचं. वर्गातून उत्तर येईपर्यंत बाई हलायच्या नाहीत. साडीला मागून खडू लागलेला असायचा, पोरं हसायची, बाईंना त्याचं काही नाही. एकदा तपासणीला आलेले साहेब अस्वस्थ झाले, म्हणाले, बाई, पुढे चला. तर बाई हळू आवाजात म्हणाल्या, साहेब, ती आत्ता विचार करतायत, आपल्या बोलण्याचा त्रास होईल. मी दारात उभा होतो, मी ऐकलंय.

मग ते प्रशिक्षण आलं. दादरच्या एका शाळेच्या सभागृहात पाच दिवस, वर्गात डिजिटल साधनं कशी वापरायची ह्याचं, आणि प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक. आमच्याकडून मी आणि परबबाई. बाईंना निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली, माऊस असा धरायच्या की जणू तो चावेल. मला म्हणाल्या, सर, तुम्ही बघा, मी तुमच्या मागे बसते. शिकवणाऱ्या मॅडम लहान होत्या, हुशार, मनापासून शिकवत होत्या, त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी पडद्यावर आवाजाची आकृती दाखवली, बोललं की डोंगर, नाही बोललं की सपाट रेघ. म्हणाल्या, तीन सेकंदांवर सपाट रेघ दिसली की कापा, मूल तेवढ्यात दुसरीकडे जातं, आणि व्हिडिओ पाच मिनिटांच्या आत बसवा. मी लिहून घेतलं. तीन सेकंद. मी असा माणूस, मला तीन सांगितले की तीन.

शाळेत गोंगाट, म्हणून बाईंनी व्हिडिओ घरी केले. अपूर्णांक, पूर्ण धडा, एकोणतीस भाग. त्यांचे यजमान मोबाईल धरून उभे राहायचे, बाई भिंतीला लावलेल्या पाटीवर लिहायच्या आणि समोर बघून बोलायच्या. मोबाईलमधलं सगळं मेमरी कार्डवर उतरवून मला आणून दिलं आणि म्हणाल्या, ह्याचं काय करायचं ते तुम्हीच करा, सर. मी लावून बघितलं तर प्रत्येक प्रश्नानंतर बाई थांबलेल्या. वीस सेकंद, पस्तीस सेकंद, एका ठिकाणी जवळजवळ दोन मिनिटं. समोर वर्ग नाही, मूल नाही, आणि बाई थांबून बघतायत. मला वाटलं, सवय, बिचाऱ्यांना कळलं नाही की इथे कोणी नाही. मी कापत गेलो. शेवटी किती वाचलं त्याची बेरीज केली, दोन रेघा मारल्या, आणि लॅपटॉपवर जागा हवी म्हणून मूळ चित्रण पुसून टाकलं. कार्डही पुसून परत दिलं.

बाईंना दाखवलं. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, सर, मी एवढ्या घाईत बोलते? मी हसून म्हटलं, बाई, आता असंच लागतं. त्या म्हणाल्या, बरं, तुम्ही शिकलात, तुम्हाला कळतं. एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

व्हिडिओ नावाजले गेले. त्यांची लिंक सगळीकडच्या शाळांना गेली, मला प्रशस्तिपत्र मिळालं, बाईंनाही मिळालं. आणि पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत बाई गेल्या. सकाळी फुलं आणायला उतरल्या, जिन्यात बसल्या, त्या उठल्याच नाहीत. शाळा उघडली तेव्हा पाचवीला गणिताला कोणी नव्हतं, तर मुख्याध्यापक म्हणाले, परबबाईंचे व्हिडिओ आहेत ना, लावा.

लावले. मीच लावले. आणि पहिल्याच व्हिडिओत बाईंनी विचारलं, अर्ध्या भाकरीची अर्धी भाकरी घेतली, तर अख्ख्या भाकरीतली किती? आणि त्याच दमात स्वतःच सांगितलं, पाव. ईश्वरी नावाची मुलगी आहे, पहिल्या बाकावर, तिचा हात निम्मा वर आलेला, तो तिथेच राहिला. पुढचा प्रश्न, पुढचं उत्तर. मागून एक जण ओरडला, अरे बाईंना कोणीतरी सांगा रे, जरा दम खा म्हणावं, गाडी सुटतेय काय? वर्ग हसला. ईश्वरी हसली नाही. ती मला म्हणाली, सर, आपल्या बाई अशा नव्हत्या. ह्या विचारतायत पण आपल्याला नाही विचारत.

त्या दिवसापासून मला ते लागलं. म्हणजे काय सांगू, भूतबीत मी मानत नाही. पण पेपर तपासताना, भाजी निवडताना, बाईंचा आवाज प्रश्न विचारायचा आणि मी काही म्हणायच्या आत उत्तर देऊन टाकायचा. प्रश्न, पाव. प्रश्न, एक अष्टमांश. बाईंना मी असं करून ठेवलं होतं, आणि त्या आता दुसऱ्या कशाही होऊ शकत नव्हत्या. एकदा घरी मी बायकोला विचारलं की गॅसवाला येऊन गेला का आणि तिचं तोंड उघडायच्या आत म्हटलं, नसेलच आला. ती म्हणाली, अहो, विचारलंत तर ऐका तरी. मी तसाच उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

मग डोक्यात आलं की मूळ चित्रण ज्या मोबाईलवर झालं त्याच्यात असेल. एका शनिवारी बाईंच्या घरी गेलो. चाळीत तिसरा मजला. बाईंचे यजमान, मी त्यांना काका म्हणतो, छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम करायचे, आता घरीच. देवगडकडचे, मालवणीच बोलतात. चहा केला. मी सगळं सांगितलं, काय कापलं, किती कापलं, आकड्यानिशी. ते ऐकत होते. मग विचारलं, मोबाईलात आहे का? आसा, म्हणाले. कपाटातून काढला, बाईंच्या रुमालात बांधलेला. मी म्हटलं, काका, मला कॉपी द्या, मी परत होतं तसं लावतो, मुलांसाठी त्या थांबायच्या ते मुलांना मिळू दे.

काका म्हणाले, पोरांसाठी? ती खंय पोरांसाठी थांबली, सर? ती माज्यासाठी थांबली.

मला कळेना. ते म्हणाले, फोन माज्या हातात. ती इचारी, नि माज्याकडे बघी. माका उत्तर येय ना तवसर ती फुडे जाय ना. मी मान हलयली की मगे फुडे. माजी शाळा सातवीत सुटली, सर, अपूर्णांक माका कधी येवकच नाय. तिना माका ह्या घरात शिकवलां, हातात फोन दिवन.

समोर कोणी नाही म्हणून मी जे कापलं, त्याच्या समोर हा माणूस उभा होता.

कॉपी त्यांनी दिली नाही. म्हणाले, तुमी परत कापशात. मी म्हटलं, नाही हो. तर म्हणाले, शिकवलेलां तुमका दिलंय, थांबलेलां माका र्‍हवांदे. हंय बसान ऐका, हवां तर.

मग मी दर शनिवारी शाळा सुटली की जायला लागलो, वही घेऊन. अकरा शनिवार. काका मोबाईल लावायचे आणि मी प्रत्येक प्रश्नापुढे सेकंद लिहायचो. भाकरीच्या प्रश्नाला एकवीस. त्या थांबण्यात पंखा ऐकू येतो, शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येते, बाईंच्या बांगड्या. एका ठिकाणी बाई अगदी हळू म्हणतात, हात बदला, दुखत असेल. हे मी कापताना ऐकलं होतं. मला आठवतंय, मी ऐकलं, आणि अभ्यासक्रमाबाहेरचं म्हणून कापलं.

आता वर्गात मी लॅपटॉपजवळ उभा राहतो. बाईंनी प्रश्न विचारला की बोटाने थांबवतो, वहीतले सेकंद होऊ देतो, मग सोडतो. पडद्यावर बाई तोंड किंचित उघडं ठेवून थांबलेल्या असतात. पहिल्या दिवशी पोरं घाबरली, आता नाही. ईश्वरी हात पूर्ण वर करते. यंदा मला दुसऱ्या शिक्षकांना शिकवायला बोलावलं होतं, तिथे मी हे सांगितलं, तर एकाने विचारलं, सर, ह्याला कुठलं ॲप लागतं? मी बोट दाखवलं. सगळे हसले, त्यांना वाटलं मी विनोद केला. लिंक मागे घ्या म्हणून शिक्षण विभागाकडे अर्ज केला होता, उत्तर आलं की साहित्य मंजूर झालेलं आहे. तेव्हा ते चालूच राहणार. मी तुमच्याशी बोलतोय आणि कुठल्या तरी शाळेत परबबाई प्रश्न विचारून लगेच उत्तर देत असतील. त्याचं मी काही करू शकत नाही, हे मी मान्य केलंय. ज्या वर्गात लागत असेल त्या मुलांना तरी थांबणारा शिक्षक मिळो, एवढं म्हणतो.

गेल्या शनिवारी शेवटचा व्हिडिओ झाला. तीन माणसांत दोन नारळ सारखे वाटायचे, प्रत्येकाला किती? एक मिनिट बावन्न सेकंद, सगळ्यांत मोठं थांबणं. मी लिहिलं आणि वही मिटली. काका मोबाईल गुंडाळता गुंडाळता थांबले. म्हणाले, सर, एक सांगू? ह्यां गणित माका आयलां नाय. तेव्हाय नाय, आताय नाय. तिका जेवण करूचां होतां, उशीर झालेलो, म्हणान मी उगाच मान हलयली. ती खूश झाली. तां माका लागान र्‍हवलां.

मी त्यांच्या रद्दीतला एक कागद घेतला, दोन गोल काढले, खाली तीन माणसं काढली, आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. ते गोलांवर बोट फिरवत राहिले. किती वेळ गेला ते मला विचारू नका, मी घड्याळ बघितलं नाही, आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं नसेल. मग काका म्हणाले, परतेकाक अर्धो तर गावतलोच. अर्धो, आणि वर थोडो.

थोडो म्हणजे किती, काका? मी विचारलं, आणि गप्प बसून राहिलो.