आधी आग बंद, मग साहेब

आदरणीय अध्यक्ष धम्मपाल साळवे गुरुजी, व्यासपीठावरच्या जाईताई, भर उन्हात कोपरखैरण्याच्या या विहारात आलेले तुम्ही सगळे, आणि पहिल्या रांगेतली माझी आई रखमाबाई हिवराळे, सर्वांना जय भीम.

कारखान्यात सुरक्षा अधिकारी झाले म्हणून तुम्ही मला शाल दिलीत. गुरुजींनी इतकं कौतुक केलं की मलाच वाटलं, ही बाई कोण बुवा! पण खरं सांगू? मला आज माझ्या अप्पांबद्दल बोलायचंय. ते जाऊन दोन वर्षं झाली.

अप्पा, म्हणजे शिवराम हिवराळे, परभणीहून आले नि तुर्भ्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर हेल्पर लागले. साहेबाला विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकायचे नाहीत. आई चिडवायची, "लग्नाला तरी मनानं आलात, का साहेबाला इचारून?"

मग कंपनीनं फर्मान काढलं. बॉयलर चालवायचा तर सर्टिफिकेट पाहिजे, नाहीतर घरी बसा. आम्ही तिघं भावंडं शिकत होतो. अप्पांची नोकरी गेली असती तर आमची शाळाही गेली असती. आणि अप्पा तोंडी परीक्षेत दोनदा नापास! बॉयलरमध्ये पाणी किती, ते एका काचेच्या नळीत दिसतं. ते दिसेनासं झालं तर बॉयलर फुटू शकतो. परीक्षकानं दोन्ही वेळा विचारलं, अशा वेळी काय करशील? अप्पा काय सांगून आले? "पळत जाऊन साहेबाला विचारीन."

अहो, हसू नका! वीस वर्षं त्यांना हेच शिकवलं होतं. मी तेव्हा आठवीत. रोज चहाच्या वेळी मी परीक्षक व्हायचे.

"काचेत पाणी नाही. काय करणार?"

"साहेबाला..."

"अप्पा!"

एकदा रडलेच मी. म्हटलं, साहेब येईपर्यंत तुम्ही राहाल का? अप्पांचा चहा तसाच राहिला.

तिसरी खेप शेवटची होती. पुन्हा तोच प्रश्न. अप्पा म्हणाले, "आधी आग बंद. मग साहेब."

"आणि साहेब ओरडला तर?"

"ओरडू दे की. जित्ता राहिला तरच ओरडंल ना!"

पास! आईनं आख्ख्या गल्लीला पेढे वाटले.

चार वर्षांनी एका सकाळी ती काच खरंच रिकामी झाली. अप्पांनी कुणालाही न विचारता आग बंद केली. कारखाना ठप्प. साहेब तावातावानं आले, सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. अप्पांनी मान खाली घातली, पण बॉयलरसमोरून हलले नाहीत. मग कळलं, पाण्याचा पंपच बंद पडला होता. त्या पाळीत एकोणतीस माणसं होती.

एक विनंती करते. त्या सकाळी कामावर असलेले जरा उभे राहाल का? बंडूकाका, लाजू नका. ज्यांचे वडील त्या पाळीत होते, तेही उठा. नंदकुमार, तूसुद्धा, लेकराला घेऊन.

आई, मागं बघ. ही सगळी अप्पांनी राखलेली माणसं.

विहार समितीचे मनापासून आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द वावगा गेला असेल, तर घरची पोर समजून पोटात घाला. आता सर्वांनी बसून घ्यावं... नको, जरा थांबा. आईचं अजून बघून झालेलं नाही.