नायिकेच्या तोंडाला स्कार्फ

हसणार नसाल तर सांगतो. मी मोबाइलवर प्रेमकथा लिहितो. त्या सगळ्यांत आधी वाचते मी कामाला आहे त्या चादरीच्या दुकानात बिलं करणारी अश्विनी. तिच्यासाठीच लिहितो, हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी नायक-नायिकेची पहिली भेट लिहून मोबाइल तिच्या हातात दिला. ती मध्येच थांबली.

"भर दुपारी सात रस्ता चौकात भेटत्यात, आन् ह्यो तिला लांबनं हसण्यावरनं वळखतो?"

"व्हय."

"एवढ्या उन्हात पोरगी तोंडाला स्कार्फ बांधून येणार की. हसू दिसंल कुटनं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "मग वळखायचं कसं?"

"मी बी रोज स्कार्फ बांधूनच येते. तू कसा वळखतोस?"

"तुमी डावी चप्पल जरा घासत चालता. पायरीवरच कळतं," मी बोलून गेलो.

तिनं मोबाइल परत दिला आणि संध्याकाळी न बोलताच घरी गेली. आता ही मालकाला सांगते की नोकरी सोडते, या काळजीनं मला जेवण गेलं नाही.

सकाळी स्कार्फ बांधलेली एक मुलगी पायरी चढून आली. चपलेचा आवाज नव्हता. गिऱ्हाईक समजून मी म्हणालो, "या ताई, काय दाखवू?"

तिनं पाय पुढं केला. चप्पल कोरी होती.

"पहिल्या भेटीत ताई म्हणत्यात व्हय रे?"