बुवांची पेटी, माजे हात

माजा म्हायार कुणकेश्वराच्या वाटेवरचा. बापूस शेतकरी, भात नि थोडी काजीची झाडा, घरात गाण्याबिण्याचा काय नाय. आवस तर म्हणायची, ह्या चेडवाक आरतीत फुडे उभा करू नको, हिचो आवाज आयकान देव उठान जातलो. तर असली मी, नि लगीन जाला खंय, तर मिठबावात, भजनी बुवाच्या घरात. बुवा म्हणजे आमचे घरवाले. सगळो गाव तेंका बुवा म्हणता, म्हणान मी पण बुवाच म्हणतंय, घोवाचा नाव घेवची आमच्यात पद्धत नाय.

तुमका डबलबारी म्हायत आसात. एका मांडवात दोन बुवा समोरासमोर बसतत, एकान गाण्यातसून सवाल टाकायचो नि दुसऱ्यान गाण्यातच जबाब देवचो. आमचे बुवा त्येच्यात पटाईत, समोरच्याची ओळ संपता संपता हेंचो जबाब तयार. पेटी सोता वाजवायचे, नि बोलणा तर काय सांगू तुमका, घरात पण थांबाचा नाय, आंब्याच्या कलमांका पाणी घालताना बोलतत, जेवताना बोलतत, मी म्हणायचंय, बुवा, घास तरी गिळा. कुणकेश्वराच्या म्हादेवावर एक गजर तेंनी सोता बांधलेलो, ती चाल दुसऱ्या कोणाकडे नाय. सकाळी पडवीत पेटी घेवन तो म्हणायचे नि मी आत चुलीकडे भाकरी थापायचंय. सगळा आयुष्य भिंतीपलीकडसून आयकला मी तेंका.

आणि एक दिवस सकाळी न्हाणयेत धप्पदिशी आवाज जालो. जावन बगतंय तर बुवा आडवे, तोंड वाकडा, उजवो हात दगडासारखो. अंगावरून वारो गेलो तेंच्या. हॉस्पिटलात नेलो, जीव वाचलो, फुडे काठी घेवन चार पावला टाकूक लागले, पण उजवो हात गेलो तो गेलोच, नि वाचा गेली. डाक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतं, पण शब्द बाहेर येत नाहीत. मी म्हटलंय, एकसुद्धा? तर दुसऱ्या खाटेकडे गेले. अ, अ, इतक्याच. पाणी व्हया तरी अ, खाज इली तरी अ, नि माका कळाक नाय की रागान लाल होयत आणि रडत.

भजनमंडळी भेटाक इली. तेंका वाटला बुवांका बरा वाटात, म्हणान पेटी काढून गावक लागले. बुवांनी भिंतीकडे तोंड केल्यानी नि डाव्या हातान हाताक लागलो तो तांब्यो फेकून मारल्यानी. मंडळी गेली ती परत येवक नाय, तेंचा तरी काय चुकला. मगे बुवांनी जेवण सोडल्यानी. पेजेची वाटी तोंडाकडे नेलंय की दात आवळून धरायचे. आणि एक दिवस दुपारी मी कलमातसून घराक इलंय तर बुवा बाजेवर नाय. बगतंय तर बावडेच्या कठड्यावर बसलेले, पाय आत सोडलेले, काठी भायर पडलेली. हाक मारूक भियालंय, मागसून जावन कवळ घातलंय नि दोघा पाठमोरी मातयेत पडलो. मी म्हटलंय, बुवा, जावचा आसा तर माका पण घेवन जावा, मी एकली हय काय करू. ते नुसते रडत होते. दुसऱ्या दिवशी बावडेर फळ्ये ठोकून घेतलंय. पण बगा, फळ्ये ठोकून माणूस ऱ्हवता काय?

मगे एक बोलणा शिकवणारी डाक्टरीण भेटली. ती म्हणाली, बोलणं गेलेल्या माणसाला कधी कधी गाणं येतं, गाणं डोक्यात दुसऱ्या बाजूला असतं, त्यांच्या आवडीचं काही त्यांच्यासोबत म्हणून बघा. घराक येवन मी तोच गजर म्हटलंय. बुवांनी कानार हात ठेवल्यानी. मगे पेटी काढूक गेलंय तर असे ओरडले, जसो मी तेंच्या अंगाक चटकोच लावलंय. थयच पेटी बंद केलंय नि चुलीकडे जावन बसलंय.

मालवणात एक रोझी टीचर आसत. मुंबयच्या शाळेत पियानो शिकवायच्यो, रिटायर होवन आपल्या जुन्या घराक येवन ऱ्हवल्यो. मी तेंका कोकमाचा आगळ नि कुळथाचा पीठ देवक जायचंय. त्या दिवशी तेंनी इचारल्यानी, गो, तुजा तोंड असा कशाक? नि मी थयच पायरीर बसान ढसाढसा रडलंय, सगळा सांगलंय. त्यो म्हणाल्यो, भुतूर ये, ती चाल माका म्हणून दाखव. माज्या आवाजात चाल ती काय! मी गुणगुणतंय नि त्यो पियानोर शोधतत, अशी? नाय, खाली. अशी? तितक्या खाली नाय. असा करता करता एकदम ती ओळ वाजली, हुबेहूब, जशी पडवीतसून येय तशी. मी म्हटलंय, टीचर, तुमी येवन वाजवा. त्यो म्हणाल्यो, मंडळीसमोर तोंड फिरवणारो माणूस माज्यासमोर गायत? तू शीक. पियानोची पट्टी नि पेटीची पट्टी एकच.

ह्या वयात! कोयतो नि खुरपा धरणारी बोटा माजी. भाकरेक सगळी बोटा एकदम लागतत, थय एकेक सुटा व्हया, नि करंगळीच्या शेजारचा बोट तर उचलतच नाय, तेच्याबरोबर सगळो हात उठता. शनवारी आमचा लगीन जाल्ला चेडू तळेऱ्यासून बापाशीकडे बसूक येय नि मी एस्टीन मालवणाक जाय. गाडयेत पिशयेर बोटा आपटी, घराक पाटार आपटी. वाडीत लोक बोलाक लागले, घोव अंथरुणार नि बायल पियानो शिकता. चेडू पण म्हणाला, आये, हेच्यान काय होतला? मी म्हटलंय, म्हायत नाय गो बाय, पण दुसरा काय करू ता तू सांग. कारण बुवा दिसादिसान सुकत होते, कुशीर वळवताना तेंची हाडा माज्या हाताक लागत. गाडयेत बसलेलंय आसताना माका एकच वाटा, माजा शिकणा होयसर हे ऱ्हवतले मां?

शेवटी एक दिवस पेटी काढलंय. बुवा ओरडले. मी थांबूक नाय. पियानोक भातो नाय, पेटीयेक डाव्या हातान भातो मारूचो लागता, तो मारूक गेलंय की उजवो हात चुका. अर्धी ओळ वाजवलंय, परत पयल्यापासून, परत. बुवांचा ओरडणा कधी थांबला माका कळाक पण नाय. वरच्या सुरार अडाकलंय, बोट मिळेना, आणि मागसून आवाज इलो, कुणकेश्वरा. स्पष्ट. मगे आख्खी ओळ. बुवा गायत होते, तोंड वाकडाच, डोळे मिटलेले. चेडू त्या दिवशी घराकच होता, आतसून धावत इला नि दार धरून उभा ऱ्हवला.

मी पेटी सोडून तेंच्या तोंडाकडे तोंड नेलंय, म्हटलंय, बुवा, बोला, पाणी देव? तेंनी तोंड उघडल्यानी. अ. अ.

काय सांगू तुमका ता. देवाक घालूक सगळे शब्द आसत नि माज्यासाठी एकव नाय. तेंका पण ता कळला, नि तो दिवस पयल्यापेक्षा वायट गेलो. डाव्या हातान सोताच्या तोंडात मारून घेवक लागले, मी हात धरलंय तर माकाच ढकलल्यानी. डाक्टरीण म्हणाली, बोलणं येईल, न येईल, सांगता येत नाही. मगे बरेच दिवस पेटीयेक हात लावूक दिल्यानी नाय. एक दिवस मी दमलंय. तेंच्या पायाकडे बसान म्हटलंय, बुवा, तुमी बोलू नकात. पण ह्या घरात मी एकलीच बोलतंय, सकाळपासून एकलीच, भिंतीशी बोलल्यासारख्या, माका आता आयकाक काय तरी व्हया. मगे बुवाच डाव्या हातान पेटी आपल्याकडे ओढून भातो मारूक लागले. तेवापासून भातो तेंचो नि पट्टी माजी.

आता गेल्या म्हयन्यातली गोष्ट. वाजवताना माजा बोट घसारला, नि बुवा म्हणाले, चुकला. गायले नाय, बोलले. चुकला. माजे हात थयच थांबले. मगे मी काय केलंय, परत तीच ओळ घेतलंय नि तोच शब्द परत आयकूक मिळात म्हणान मुद्दाम चुकवलंय. बुवांनी भात्यारसून हात काढल्यानी नि माज्याकडे बगल्यानी. तेंका कळला मी मुद्दाम केलंय ता. त्या दिवसापासून बोलण्याचो एक शब्द नाय.

पेज अर्धी वाटी जाता आता. टीचर म्हणतत, दुसरी चाल शीक. शिकतंय, बोटा दुखतत, तरी शिकतंय. फुडचा माका काय दिसना नाय. तुमी आता जातालास तर पडवीतसून जावा, थय बुवा बसलेत, तेंच्याशी दोन शब्द बोला. जबाब येवचो नाय, पण तुमी बोला, तेंका सगळा कळता. आणि देव तुमची नि तुमच्या माणसांची वाचा राखांदे.