सकाळी चहाबरोबर शेवट

दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर एक मावशी आणि एक तरुण मुलगी, ओळख नुकतीच झालेली. वळून बघणं बरं दिसलं नसतं, म्हणून नुसते कान दिले.

"घरी पिक्चर बघता की नाही, मावशी?"

"रोज. पण अर्ध्यातच माझा डोळा लागतो. मग सकाळी चहा घेताना हे मला शेवट सांगतात."

"मजा आहे! परवा मी तो दीपस्तंभावरच्या म्हाताऱ्याचा पाहिला. रडून रडून डोळे सुजले."

"रडायचं काय त्यात? मुलगा येतो की बोट घेऊन त्याला न्यायला."

"कुठला येतो? म्हातारा वाट बघत बघतच जातो."

"काहीतरीच! बरं, त्या दोन बहिणींचा? धाकटी आजारातून उठते तो?"

"उठत नाही हो, मावशी."

"आणि तो हरवलेला कुत्रा?"

"सापडतच नाही."

"अगं बाई! यांनी तर त्याचं लग्नसुद्धा लावून दिलं होतं."

"काका भारीच आहेत! आलेत का?"

"आत आहेत. माझ्या तपासणीत काय निघालं ते सांगायला डॉक्टरांनी बोलावलं. मला म्हणाले, तू बस, मी ऐकून येतो."

दार उघडल्याचा आवाज आला.

"चल गं. काही निघालं नाही. ठणठणीत आहेस."

"तुम्ही बसा इथे."

"अगं, सांगितलं ना मी!"

"बसा. मी विचारून येते. आज मी जागी आहे."