खिशातली पिवळी चिठ्ठी

देवाला हात जोडा. जोडले? आता तेच हात शेजारी बसलाय त्याला जोडा! बघा, लगेच जड झाले! देवापुढे झटकन जुळतात आणि शेजाऱ्यापुढे मात्र खाजवायला डोक्याकडे जातात. आजचं आख्यान या जड हातांचं आहे.

मंडळी, ऐका! ऐकू येतंय का पण? हा माईक मघापासून नुसता खरखरतोय. मागच्या रांगेतल्या आया कानामागे हात धरून बसल्यात. असू द्या, मी घसा ताणतो.

दुसऱ्याचं चांगलं झालं की आपल्या पोटात दुखतं. कबूल? मी आधी कबूल करतो. पलीकडच्या गावातल्या सप्ताहाला जे महाराज आलेत ना, त्यांचा फ्लेक्स माझ्या फ्लेक्सच्या दुप्पट आहे. मी पावलं टाकून मोजलाय! हसता काय? तुम्हीसुद्धा मोजला असता. तर दुखतं, हे ठरलं. माझा प्रश्न पुढचा आहे – हे दुखणं मारतं कुणाला? ज्याचा हेवा करतो त्याला? आपल्याला? की तिसऱ्याच कुणाला, ज्या बिचाऱ्याचा यात काही संबंधच नाही?

माझा सख्खा भाचा आहे, मयूरेश. इंजिनिअरिंगला आहे. त्याची आई मंदा, म्हणजे माझी धाकटी बहीण, डोंगरापलीकडच्या वाडीत अंगणवाडी सेविका आहे. पोरांची वजनं घ्यायची, उंच्या मोजायच्या, आणि हे सगळं लिहायचं अकरा रजिस्टरांत! एकच वजन चार ठिकाणी. तिचं मनगट सुजतं. संध्याकाळी भाकरी थापताना डाव्या हातानं थापते बाई!

या मयूरेशच्या कॉलेजात निघाली हॅकेथॉन. काय म्हणालात, आजोबा? चोरांची शर्यत? नाही हो! आपल्या सप्ताहात वीणा असते ना – रात्रंदिवस खाली ठेवायची नाही, एकानं दमायचं, दुसऱ्यानं गळ्यात घ्यायची? तसंच. चार पोरांची टीम, दोन दिवस, आणि कॉम्प्युटर थांबू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला लोकांच्या उपयोगाचं काहीतरी करून दाखवायचं. जी टीम जिंकेल तिचं काम आपल्या तालुक्यात खरोखर वापरायला घेणार. फक्त एकाच टीमचं!

मयूरेश म्हणाला, "आपण अंगणवाडीचं अ‍ॅप करू. वजन एकदाच टाकायचं, अकरा रजिस्टरं आपोआप भरतील." कल्पना कुणाची? याची. मनगट कुणाच्या आईचं? याच्या. पण टीममध्ये होती केतकी. नाशिकची पोरगी, याच्या एक वर्ष पुढची. हुशार! बोटं अशी चालायची, की आपला पेटीवाला बघत बसेल. – रागावू नका हो, पेटीवाले!

पहिल्याच दिवशी मार्गदर्शक सर आले. "काय करताय?" केतकीनं उभं राहून सांगितलं. सर म्हणाले, "वा! केतकीची टीम चांगलं करतेय." केतकीची टीम! मयूरेशच्या काळजात कळ गेली. दुपारी पेपरवाल्यानं फोटो काढला. मधोमध केतकी, आणि आमचं रत्न खांबाआड. फोटोत याचा एक कान आला. एकच!

आणि मंडळी, हेवा एकदा आत शिरला ना, की त्याला काहीही चालतं खायला. केतकीनं चहा आणून दिला, तर हा मनात म्हणतो – मोठेपणा दाखवते! पुढच्या वेळी नाही आणला, तर म्हणतो – बघा, माज आला! आता त्या पोरीनं करावं तरी काय? संध्याकाळी मंदाचा फोन आला. त्यांच्या वाडीत रेंज फक्त शाळेच्या गच्चीवर. तिथं चढून तिनं फोन लावला. मयूरेश कामात होता म्हणून केतकीनं घेतला. दहा मिनिटं बोलली. "काकू, अक्षर मोठं हवं का? चष्मा लागतो का तुम्हाला?" मग फोन याच्या हातात. आईनं काय म्हणावं? "काय गुणाची पोरगी रे! तू का नाही असं विचारलंस कधी?"

झालं! स्वतःची आईसुद्धा तिच्या बाजूला!

आता त्यांच्यात एक रीत होती. वीणा देताना देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. ही पोरं तसं एकमेकांना पिवळी चिठ्ठी द्यायची. उठताना लॅपटॉपवर चिकटवायची – काय झालं, काय बिघडलंय, किती वाजता. पुढचा बसला की आधी चिठ्ठी वाचायची, मग हात लावायचा.

दुसरा दिवस. दुपारी केतकी जेवायला गेली, मयूरेश बसला. तो पडला बिनरेंजच्या वाडीतला. कुठलंही अ‍ॅप हातात आलं की फोनची रेंज बंद करून बघायची, ही त्याची लहानपणची खोड. शहरातल्या पोरीला हे सुचणारच नाही! यानं रेंज बंद केली, एका पोराचं वजन टाकलं, सेव्ह दाबलं – आणि नोंद गायब! केतकीनं केलेल्या भागातच चूक. यानं लगेच चिठ्ठी लिहिली: "रेंज गेली की नोंद पुसली जाते. १.१०." चिकटवायला हात पुढे केला, तेवढ्यात व्हरांड्यातून सरांचा आवाज आला, "केतकी, तूच जिंकणार बघ!"

हात थांबला. चिठ्ठीची घडी झाली. घडी खिशात गेली. एवढंच! खोटं बोलला नाही, काही मोडलं नाही, शिवी दिली नाही. फक्त गप्प बसला. मनात म्हणाला – पडू दे एकदा! एकदाच सगळ्यांसमोर पडू दे!

चार वाजले. परीक्षक होत्या मोकाशी मॅडम. त्या म्हणाल्या, "पोरांनो, तुम्ही नका दाखवू. जी वापरणार आहे तीच बघेल. आम्ही तालुक्यातल्या काही सेविका बोलावल्यात." आणि स्टेजवर चढली कोण? मंदा! दोन एसट्या बदलून आलेली, इस्त्रीची साडी, चष्मा पुसत. पोराला काही कळवलं नव्हतं. म्हटलं, तेवढीच त्याला गंमत!

अजून वेळ होती बरं का! एक शब्द पुरला असता. पण तोंड उघडेना.

मंदानं नऊ पोरांची वजनं टाकली. एकेक नाव मोठ्यानं वाचत, कौतुकानं! मॅडम म्हणाल्या, "तुमच्या वाडीत रेंज कितपत आहे?"

"गच्चीवर दोन काड्या येतात, मॅडम."

"मग इथंही बंद करा बघू. आता सेव्ह दाबा."

दाबलं. चक्र फिरलं, फिरलं – आणि नऊच्या नऊ पोरं गेली! पडदा कोरा. केतकीचं तोंड उतरलं. जे बघायचं होतं ते यानं बघितलं! गोड लागलं का? लागलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर लागलं! आणि तेवढ्यात मंदा बोलली –

"माझंच बोट चुकलं असेल, मॅडम. मला मेलीला जमत नाही. पोरांनी चांगलं केलंय हो, त्यांचे मार्क नका कापू!"

केतकी धावत पुढे आली. "नाही काकू! तुमचं नाही, माझं चुकलं. मी हे तपासलंच नाही."

बघा मंडळी! जिचं चुकलं नव्हतं ती म्हणते माझं चुकलं. जिचं नकळत चुकलं ती म्हणते माझं चुकलं. आणि ज्याला सगळं ठाऊक होतं, तो खिशात मूठ आवळून उभा!

शेवटी मूठ बाहेर आली. "मला दुपारीच कळलं होतं," म्हणाला, आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. मॅडमनी वेळ वाचली. एक वाजून दहा. केतकीनं एकच विचारलं, "नीट करायला किती वेळ लागला असता रे?"

"चाळीस मिनिटं."

बक्षीस गेलं. दुसऱ्या टीमनं शाळेच्या बसचं काहीतरी केलं होतं, ते तालुक्यानं घेतलं. इकडे नावं पुकारली जात होती, टाळ्या पडत होत्या, आणि केतकीनं काय करावं? ती चिठ्ठी उचलली, लॅपटॉपवर चिकटवली आणि दुरुस्ती करायला बसली. स्पर्धा संपली होती, तरी! मयूरेश मला म्हणाला, "मामा, तेव्हासुद्धा हेवाच वाटला. वाटलं, हिला हेही जमतं!" मग तो तिच्या शेजारी जाऊन बसला. चाळीस मिनिटांत झालं. पण तालुक्यानं न घेतलेलं वापरणार कोण? मंदा आजही अकरा रजिस्टरं लिहिते. परवा गेलो होतो तिच्याकडे. भाकरी डाव्या हातानंच थापत होती.

कळलं, हेवा कुणाला मारतो? केतकीला नोकरी लागली. मयूरेशचं शिक्षण चाललंय. दुखतंय ते मंदाचं मनगट!

आता तुमच्याकडे येतो. हा माईक मघापासून खरखरतोय. कुठली वायर सैल आहे ते या मांडवात एका माणसाला पक्कं ठाऊक आहे. इतकी वर्षं हे काम त्याच्याच हातचं होतं, यंदा पंचांनी दुसऱ्याला दिलं. तो आलाय, खांबाला टेकून हाताची घडी घालून बसलाय. यंदाच्या पोराची फजिती बघतोय. त्याला राग आलाय, आणि राग येण्यासारखंच झालंय! पण मागं बसलेल्या आयांनी त्याचं काय घोडं मारलं? तासभर कानामागे हात धरून त्यांचे खांदे भरून आले.

मी नाव घेणार नाही. मी डोळे मिटतो. तुम्हीही मिटा सगळे. टाळ वाजू द्या, देवाचं नाव चालू द्या. आणि ज्याच्या खिशात चिठ्ठी आहे त्यानं उठावं...

...हॅलो. हॅलो! अरे वा, गेली की खरखर! डोळे उघडू नका अजून, त्याला परत जागेवर बसू द्या. मागच्या आयांनो, येतंय का आता ऐकू? येतंय? मग हात खाली घ्या बायांनो, आणि देवाचं नाव म्हणा माझ्याबरोबर. मीही उद्या सकाळी पलीकडच्या गावात जातो, त्या मोठ्या फ्लेक्सवाल्या महाराजांना हात जोडायला.